शाळेचे छप्पर आणि मतपेटी

कॅलिफोर्निया राज्यातील लाँग बीच या शहराला १० मार्च १९३३ रोजी सायंकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी भूकंपाचा जो धक्का बसला, त्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या परिसरातील सुमारे ७० शाळा जमीनदोस्त झाल्या आणि आणखी १२० शाळांच्या इमारतींची गंभीर हानी झाली. शाळा सुटून काही तास लोटले होते, वर्ग रिकामे होते. केवळ म्हणूनच मृतांच्या संख्येत हजारो मुलांची भर पडली नाही. निसर्गाने त्या दिवशी शाळेचे वेळापत्रक पाळले. पुढेही अनेकदा त्याने ते पाळले. सॅन फर्नांडोचा १९७१ चा भूकंप सकाळी सहाच्या सुमारास झाला. नॉर्थरिजचा १९९४ चा भूकंप पहाटे साडेचारला आणि तोही सुटीच्या दिवशी. महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरली, तीही पहाटे चारच्या आसपास. परंतु निसर्ग प्रत्येक वेळी अशी सवलत देतोच असे नाही. काश्मीरच्या पाकव्याप्त भागात ८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी आणि चीनच्या सिचुआन प्रांतात १२ मे २००८ रोजी दुपारी धरणी हादरली तेव्हा शाळा भरलेल्या होत्या. दोन्ही ठिकाणी हजारो मुले वर्गांच्या भिंतींखाली गाडली गेली.

लाँग बीचच्या घटनेनंतर बरोबर एका महिन्याने, १० एप्रिल १९३३ रोजी, कॅलिफोर्नियात ‘फील्ड कायदा’ अस्तित्वात आला. सार्वजनिक शाळेच्या इमारतीचा आराखडा राज्याच्या वास्तुविशारद खात्याने तपासल्याशिवाय तिचे बांधकाम करता येणार नाही, आणि बांधकाम चालू असताना त्यावर सतत देखरेख राहील, असे बंधन त्या कायद्याने घातले. या कायद्याखाली उभारलेली एकही शाळा भूकंपात कोसळली नाही, असे त्या राज्याच्या भूकंप सुरक्षा आयोगाने नमूद केले आहे. कायदा कसा असावा याचे हे एक चांगले उदाहरण होय. मात्र शाळा कशी बांधावी हे सांगणाऱ्या या कायद्याने ती कोणाच्या पैशाने बांधावी, हे सांगितले नाही. तो प्रश्न मतपेटीवर सोपविण्यात आला आणि आज नव्वद वर्षांनंतरही तो तेथेच आहे.

अमेरिकेत दर निवडणुकीच्या वेळी शेकडो गावांत आणि उपनगरांत शाळांच्या कर्जरोख्यांवर मतदान होते. छपरे गळत आहेत, वायुवीजनाची यंत्रणा जुनी झाली आहे, विजेच्या तारा पन्नास वर्षांपूर्वीच्या आहेत, आगीची सूचना देणारी घंटा वाजत नाही, वर्गाच्या दाराला आतून कुलूप लागत नाही. हे सर्व दुरुस्त करण्यासाठी अमुक कोटी डॉलरचे कर्ज काढावे काय, असा प्रश्न मतदारापुढे ठेवला जातो. कुलपाची बाब क्षुल्लक वाटेल. परंतु टेक्सासमधील युवाल्डी येथील प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी झालेल्या गोळीबारात १९ मुले व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्यानंतर दारे आणि कुलपे हा तेथील प्रत्येक शाळेच्या यादीतील अग्रक्रमाचा विषय होऊन बसला आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत एकट्या कॅलिफोर्नियात असे दोनशेहून अधिक स्थानिक ठराव मतपत्रिकेवर होते. त्यांतील एकटा लॉस एंजेलिसच्या शाळांचा ठराव ९ अब्ज डॉलरचा होता आणि तो मंजूर झाला.

कर्ज कशासाठी?

या व्यवस्थेची रचना समजून घेण्याजोगी आहे. अमेरिकेत सार्वजनिक शाळा नगरपालिकेच्या अखत्यारीत असतातच असे नाही. बहुतेक ठिकाणी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे शाळा-क्षेत्र ही स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचे मंडळ लोकांनी निवडलेले असते आणि तिला कर्ज उभारण्याचा अधिकार असतो. शिक्षकांचे पगार, पुस्तके, वीज हा महसुली खर्च रोजच्या उत्पन्नातून भागविला जातो. इमारत हा भांडवली खर्च आहे. एकदा बांधलेली शाळा चाळीस-पन्नास वर्षे वापरात राहते. तिचा सगळा भार ज्या वर्षी ती बांधली त्या वर्षीच्या करदात्यांनीच का उचलावा? पुढच्या तीस वर्षांत जे नागरिक त्या गावात राहतील, ज्यांची मुले त्या वर्गांत बसतील, त्यांनीही आपला वाटा द्यावा, हे न्यायाला धरून आहे. म्हणून कर्जरोखे काढावयाचे, आणि त्यांचे मुद्दल व व्याज फेडण्यासाठी मालमत्ता करावर एक जादा आकार बसवावयाचा. तो आकार बसविण्यास मतदारांची संमती हवी. सार्वजनिक आयव्ययाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाला ही मांडणी मान्य होईल.

कॅलिफोर्नियात या जादा आकाराला मर्यादा आहे. एकत्रित शाळा-क्षेत्रात एका ठरावापोटी मालमत्तेच्या दर १ लाख डॉलर आकारणी-मूल्यामागे वर्षाला अदमासे ६० डॉलरपेक्षा अधिक कर लागू नये, असा दंडक आहे. ज्या घराचे आकारणी-मूल्य ५ लाख डॉलर, त्याच्या मालकाला वर्षाला ३०० डॉलर, म्हणजे महिन्याला २५ डॉलर द्यावे लागतील. नोकरदाराला ही रक्कम जड नाही. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या वृद्धेला मात्र ती जाणवते. या दोघांचेही मत एकाच पेटीत पडते, आणि लोकशाहीत ते तसेच पडावयास हवे.

दोन-तृतीयांशांची भिंत

येथपर्यंत सर्व सरळ आहे. गुंता सुरू होतो तो किती मतांनी ठराव संमत समजावा या प्रश्नापाशी. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेने स्थानिक कर्जासाठी दोन-तृतीयांश मतांची अट घातली. याचा अंकगणिती अर्थ असा की, विरोधातील एक मत बाजूच्या दोन मतांबरोबर तोलले जाते. शंभरांपैकी ६५ नागरिक शाळेचे छप्पर दुरुस्त करा म्हणाले, तरी उरलेले ३५ जण जिंकतात. कर्जाचा बोजा पिढ्यान्‌पिढ्या वाहावा लागतो, म्हणून ते घेताना साध्या बहुमतापेक्षा अधिक सहमती असावी, हा या अटीमागचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु कर्ज न काढण्याचाही एक बोजा असतो. तो गळक्या छताखाली बसणाऱ्या मुलाच्या माथी पडतो, आणि त्या मुलाला मत नसते.

१९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या. त्यांच्याबरोबर मालमत्ता करही वाढत गेला. उत्पन्न तेवढेच आणि कर दुप्पट, अशी निवृत्तांची अवस्था झाली. हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन यांनी पुढे आणलेला ‘प्रस्ताव १३’ जून १९७८ मध्ये मोठ्या बहुमताने संमत झाला, तो या असंतोषातून. या प्रस्तावाने मालमत्ता कर १ टक्क्यावर गोठविला, आकारणी १९७५ च्या पातळीवर मागे नेली आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत आकारणीत वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास मनाई केली. करदात्याला दिलासा मिळाला. पण नव्या कर्जरोख्यांसाठी जादा आकार बसविण्याची वाटच त्यामुळे बंद झाली, आणि पुढील आठ वर्षे शाळा-क्षेत्रांना लोकांकडे कौल मागण्याचीही सोय उरली नाही. १९८६ मध्ये दुसऱ्या एका घटनादुरुस्तीने ती वाट पुन्हा खुली केली. दोन-तृतीयांशांची भिंत मात्र तशीच राहिली. त्यानंतरच्या काळात निम्म्याच्या आसपास ठराव या भिंतीवर आपटून कोसळत असत. त्यांतील अनेकांना साधे बहुमत मिळालेले होते.

२००० साली ही भिंत पाडण्याचे दोन प्रयत्न झाले. मार्चमध्ये साध्या बहुमताची सूचना मतदारांनी थोडक्यात फेटाळली. नोव्हेंबरमध्ये ‘प्रस्ताव ३९’ आला. त्याने ५५ टक्क्यांची तडजोड सुचविली आणि बदल्यात बंधने स्वीकारली: कोणत्या शाळेत कोणते काम होणार याची यादी आधी जाहीर करावी, पगारासाठी यातला एक डॉलरही वापरू नये, दरवर्षी हिशेबाची व कामाची तपासणी व्हावी, आणि किमान सात नागरिकांची देखरेख समिती असावी. त्या समितीत पालक असावेत, व्यापारी असावा, ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेचा आणि करदात्यांच्या संघटनेचाही माणूस असावा. शाळेचा नोकर किंवा कंत्राटदार मात्र नसावा. हा प्रस्ताव सुमारे ५३ टक्के मतांनी संमत झाला. राज्यघटना बदलावयास साधे बहुमत पुरते, आणि एका प्राथमिक शाळेचे छप्पर बदलावयास ५५ टक्के लागतात! स्वतः ५३ टक्क्यांवर निवडून आलेल्या नियमाने इतरांकडे ५५ टक्क्यांची मागणी करावी, हा राज्यशास्त्राच्या वर्गात सांगण्याजोगा विनोद आहे. तरीही तडजोड फळाला आली. त्यानंतर दर पाच ठरावांपैकी सुमारे चार मंजूर होऊ लागले. विश्वास आधी मागावा आणि हिशेब नंतर द्यावा, या जुन्या रीतीऐवजी हिशेबाची हमी आधी देऊन विश्वास मागितला की लोक खिशात हात घालतात, असा याचा अर्थ आहे.

ज्याच्या गावात इमले, त्याच्या गावात शाळा

मतांची टक्केवारी कमी केल्याने एक प्रश्न सुटला. दुसरा, अधिक खोल प्रश्न तसाच राहिला. कर मालमत्तेवर बसतो, आणि मालमत्ता सर्वत्र सारखी नसते. एक उदाहरण कल्पून पाहावे. एका शाळा-क्षेत्रात दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता २० लाख डॉलरची आहे. दुसऱ्यात, शेतमजुरांच्या वस्तीत, ती ३ लाख डॉलरची आहे. दोघांनीही १ लाखामागे ६० डॉलर हा सारखाच दर स्वीकारला, तर पहिल्या क्षेत्राला दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १,२०० डॉलर मिळतात आणि दुसऱ्याला १८०. त्यागाचे प्रमाण सारखे, फळ मात्र साडेसहा पटींहून अधिक विषम! शिवाय एकत्रित शाळा-क्षेत्राला मालमत्तेच्या एकूण आकारणी-मूल्याच्या अडीच टक्क्यांपर्यंतच कर्ज काढता येते. म्हणजे गरीब गावाने शंभर टक्के मतांनी कौल दिला, तरी त्याची झेप आखूडच राहणार.

शाळांच्या महसुली खर्चाबाबत हाच प्रश्न ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ या खटल्यात १९७१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मुलाच्या शिक्षणाचा दर्जा त्याच्या शेजाऱ्यांच्या श्रीमंतीवर अवलंबून राहणे हे समतेच्या तत्त्वाला विसंगत आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्यानंतर दैनंदिन खर्चाची विषमता पुष्कळ कमी झाली. इमारतींचा खर्च मात्र बहुतांशी स्थानिक मालमत्तेलाच बांधलेला राहिला. पुस्तके समान आणि भिंती असमान, अशी ही अर्धवट समता आहे. राज्य सरकार अनुदान देते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या ‘प्रस्ताव २’ ने १० अब्ज डॉलरचे राज्यस्तरीय कर्ज मंजूर केले आहे. परंतु हे अनुदान स्थानिक वाट्याच्या जोडीने मिळते. ज्याने स्वतःचा वाटा उभा केला त्याला राज्याचा वाटा. ज्याला तो उभा करता आला नाही त्याच्या पदरी अर्जांची रांग. गरीब क्षेत्रांना थोडी अधिक टक्केवारी देण्याची तरतूद या प्रस्तावात आहे. ती योग्य दिशेने टाकलेली, पण लहान पावले होत.

शेजारी-शेजारी राहणाऱ्यांतही हा भार सारखा पडत नाही. १९७८ च्या नियमामुळे घराची आकारणी ते शेवटचे विकले गेले त्या वेळच्या किमतीवर आधारलेली असते. चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या गृहस्थाला आणि गेल्या वर्षी त्याच्या शेजारचे अगदी तसेच घर घेतलेल्या तरुण जोडप्याला एकाच ठरावापोटी वेगवेगळा कर येतो. आणि तो फरक अनेक पटींचा असू शकतो. ज्यांना लहान मुले आहेत ते सामान्यतः नवे घरमालक असतात. तेव्हा हा भार प्रत्यक्षात तरुणांकडे अधिक झुकतो.

मत कोणाचे, मूल कोणाचे?

मत देणाऱ्यांत शाळकरी मुलांचे पालक अल्पसंख्य असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बहुसंख्य मतदारांच्या घरात शाळेत जाणारे मूल नसते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स पोटेर्बा यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, जेथे वृद्धांचे प्रमाण वाढते तेथे दर मुलामागील शिक्षणखर्च घटतो. आणि वृद्ध व मुले वेगवेगळ्या वंशांची असतील तर ही घट अधिकच तीव्र असते. हे निष्कर्ष वाचून वृद्धांना स्वार्थी ठरविणे सोपे आहे. परंतु मूल आपले वाटले तर हात सैल सुटतो आणि परके वाटले तर आखडतो, हा मानवी स्वभाव कोणत्या देशात नाही? ‘आपली मुले’ या शब्दांची व्याप्ती किती, यावर अखेर शाळेचे छप्पर ठरते.

दुसरीकडे असेही पालक आहेत की ज्यांची मुले त्या शाळांत आहेत, जे कर भरतात, पण ज्यांना मत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व नसलेल्या स्थलांतरितांचा हा वर्ग होय. फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो या भागांत स्थायिक झालेल्या आणि अद्याप व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या मराठी कुटुंबांचा समावेश त्यांतच होतो. घर स्वतःचे असेल तर मालमत्ता कराच्या बिलात शाळेच्या कर्जाचा आकार त्यांना दिसतो. घर भाड्याचे असेल तर तो भाड्यातून वसूल होतो. मतपत्रिका मात्र घरी येत नाही. प्रतिनिधित्वावाचून कर नको, असे म्हणत जो देश जन्माला आला, त्या देशात ही विसंगती नजरेत भरते.

मतदार नेमके काय विकत घेतात?

शाळेवर केलेल्या भांडवली खर्चाचा उपयोग होतो काय, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी मोठ्या चातुर्याने हाताळला आहे. जेथे ठराव थोडक्या मतांनी संमत झाला आणि जेथे तो थोडक्या मतांनी पडला, अशी क्षेत्रे इतर बाबतींत जवळजवळ सारखीच असतात. तेव्हा त्यांची पुढील काळातील तुलना म्हणजे निसर्गाने मांडून दिलेला प्रयोगच होय. सेलिनी, फेरेरा आणि रॉथस्टाइन या तिघांनी कॅलिफोर्नियातील ठरावांचा या पद्धतीने अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ठराव संमत झालेल्या क्षेत्रांत घरांच्या किमती लगेच वाढल्या. शाळेवर खर्च होणाऱ्या दर डॉलरमागे घर घेणारे दीड डॉलर किंवा अधिक मोजावयास तयार होते. याचा अर्थ, शाळांच्या इमारतींवर तेथे जरुरीपेक्षा कमीच खर्च होत होता. कर वाढेल म्हणून ‘नको’ म्हणणाऱ्या घरमालकाने स्वतःच्या घराच्या किमतीवरच पाणी सोडले, असा या अभ्यासाचा व्यावहारिक बोध आहे.

अलीकडचे संशोधन याहून उद्बोधक आहे. बियासी, लाफोर्तुन आणि शोन्होल्झर यांनी अमेरिकेतील अनेक राज्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये दाखविले की, सगळा बांधकाम खर्च सारख्या गुणाचा नसतो. वायुवीजन सुधारणे, तापमानाची यंत्रणा बसविणे, विषारी द्रव्ये काढून टाकणे अशा कामांनी मुलांची परीक्षेतील प्रगती सुधारते. पण घरांच्या किमती वाढत नाहीत. क्रीडांगणे आणि व्यायामशाळा यांनी घरांच्या किमती वाढतात. पण मुलांची प्रगती सुधारत नाही. याहून अधिक बोलका निष्कर्ष क्वचितच मिळेल. ज्याने मूल शिकते ते छतात आणि भिंतीत लपलेले असते. ज्याने मतदार खूश होतो ते रस्त्यावरून दिसते. मतांसाठी यादी तयार करणाऱ्या मंडळाला मैदान पुढे आणि वाहिन्या मागे ठेवण्याचा मोह होणार, हे ओघानेच आले. अमेरिकेच्या केंद्रीय लेखा कार्यालयाने २०२० च्या अहवालात ५४ टक्के शाळा-क्षेत्रांना इमारतींमधील एकाहून अधिक यंत्रणा बदलण्याची किंवा सुधारण्याची गरज असल्याचे म्हटले. या पार्श्वभूमीवर हा मोह निरुपद्रवी म्हणता येत नाही.

नातवंडांच्या नावावरची उधारी

ठराव नाकारणाऱ्यांची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण तिला पुरावा आहे. सॅन दिएगोजवळील पोवे येथील शाळा-क्षेत्राने २०११ साली सुमारे साडेदहा कोटी डॉलरचे कर्ज अशा अटीवर उभारले की, पहिली वीस वर्षे काहीच फेडावयाचे नाही. व्याज मुद्दलात मिळत जाईल आणि फेड पुढील पिढी करील. त्या फेडीची एकूण रक्कम सुमारे ९८ कोटी डॉलरच्या घरात जाते. कर आज वाढणार नाही हे मतदारांना दिलेले वचन पाळण्यासाठी हा मार्ग शोधण्यात आला. वचन पाळले गेले. बिल नातवंडांच्या नावावर फाडले गेले. या प्रकाराने खळबळ उडाली आणि २०१३ मध्ये राज्याने कायदा करून अशी फेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा अधिक होऊ नये व मुदत २५ वर्षांच्या पुढे जाऊ नये, असे बंधन घातले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या शाळांनी दीर्घ मुदतीच्या कर्जरोख्यांच्या पैशातून विद्यार्थ्यांसाठी टॅबलेट संगणक घेण्याची योजना आखली. पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. चार वर्षांत निकामी होणाऱ्या वस्तूसाठी पंचवीस वर्षांचे कर्ज काढणे म्हणजे पादत्राणे फाटून गेल्यावरही त्यांचे हप्ते भरत राहणे होय. पिढ्यांमधील न्यायाचा जो युक्तिवाद इमारतीला लागू पडतो, तो येथे लागू पडत नाही.

या दोन उदाहरणांवरून कर्जरोखे वाईट ठरत नाहीत. कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्याहून मोठी नसावी आणि फेडीची एकूण रक्कम मतपत्रिकेवरच ठळकपणे छापली जावी, एवढेच त्यांवरून सिद्ध होते. टेक्सासने २०१९ पासून शाळांच्या अशा प्रत्येक ठरावावर ‘ही मालमत्ता करातील वाढ आहे’ असे छापणे सक्तीचे केले आहे. सत्य सांगितलेच पाहिजे. पण अर्धे सत्यही दिशाभूल करू शकते. कर वाढेल हे जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापावयाचे, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ठराव पडला तर काय होईल, कोणती शाळा किती जुन्या तारांवर चालत राहील, हेही छापले तर मतदाराला तराजूची दोन्ही पारडी दिसतील.

सुरक्षा आणि सोय

या सर्व विवेचनातून एक भेद पुढे येतो, आणि धोरणाची इमारत त्याच्यावर उभी केली पाहिजे. शाळेच्या गरजा दोन प्रकारच्या आहेत. नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, हिरवळीचे मैदान या सोयी होत. त्यांचा लाभ गावाला मिळतो, घरांच्या किमतींत तो उमटतो. तेव्हा त्या हव्यात की नकोत हे गावाने मतदानाने ठरवावे आणि हवे असल्यास स्वतःच्या मालमत्तेवर कर घ्यावा. परंतु छत डोक्यावर पडू नये, आग लागल्यास बाहेर पडण्यास वाट असावी, पाण्यात शिसे नसावे, ही सोय नव्हे, सुरक्षा आहे. ती बहुमताचा विषय होऊ शकत नाही. मुलांना शाळेत पाठविणे ज्या राज्याने कायद्याने सक्तीचे केले, त्या राज्याने ज्या इमारतीत ती बसणार तिच्या सुरक्षिततेची हमी दिलीच पाहिजे. तिची किंमत राज्याच्या सर्वसाधारण महसुलातून, प्रत्येक क्षेत्राच्या गरजेप्रमाणे आणि त्याच्या ऐपतीच्या व्यस्त प्रमाणात, भागविली पाहिजे. फील्ड कायद्याने १९३३ मध्ये बांधकामाच्या दर्जाबाबत जे केले, तेच खर्चाबाबत करावयाचे राहून गेले आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे दूरदेशीचे वाटण्याचे कारण नाही. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले होरपळून मेली. त्यानंतर सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या शिक्षणहक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे यांची यादीच परिशिष्टात दिली. म्हणजे जो भेद अमेरिकेने अजून केलेला नाही, तो भारताने कायद्याच्या पुस्तकात केव्हाच केला आहे. तरीही राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी सरकारी शाळेचे छत कोसळून ७ मुले दगावली. हक्क कागदावर आला, पैसा आणि देखरेख मागे राहिली.

तिकडच्या नागरिकाला वारंवार विचारले जाते; इकडच्या नागरिकाला कधीच विचारले जात नाही. १९६२ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रातील शहरी घरमालक मालमत्ता कराबरोबर शिक्षण उपकर भरीत आला आहे. नगरपालिका व महापालिका तो वसूल करतात आणि शासनाच्या तिजोरीत भरतात. त्या रकमेतून कोणत्या शाळेची कोणती भिंत उभी राहिली, हे बिलावर लिहिलेले नसते आणि ते विचारण्याची सवयही कोणाला उरलेली नाही. ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या हाकेला ओ देऊन आयाबहिणींनी मूठमूठ धान्य बाजूला काढले आणि त्या मुष्टिफंडावर वसतिगृहे चालविली, त्या महाराष्ट्रात लोक शाळेसाठी पैसा देत नाहीत असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. दिलेल्या मुठीचे काय झाले, हे त्या बायांना डोळ्यांनी दिसत असे. फरक एवढाच आहे.

कॅलिफोर्नियाकडून मतदानाची पद्धत उसनी आणण्याची गरज नाही. तिच्यातील विषमता तर मुळीच नको. उसनी घेण्याजोगी गोष्ट एकच आहे: कामाची नावनिशीवार यादी, वर्षाचा जाहीर हिशेब, आणि तो तपासणारे ज्यांचे हितसंबंध गुंतलेले नाहीत असे नागरिक. यासाठी नवा कायदाही लागणार नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही कामे तिच्याकडे सोपविलेली आहेत. या समितीच्या सभेत शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वी छपराचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घालावा, पालकांनी मागील अनुदानाचा हिशेब मागावा, आणि जे काम राज्याने करावयाचे आहे त्याची लेखी मागणी तारखेनिशी वर पाठवावी. मत द्यावयाचा अधिकार नसला तरी हिशेब मागण्याचा अधिकार आहे. आणि तो वापरला गेला नाही, तर शाळा भरण्याच्या वेळी भूकंप येऊ नये आणि मधल्या सुटीत पाऊस पडू नये, एवढी प्रार्थनाच काय ती हाती उरते.